पावसाळ्यात माझ्या मॉडेल रेल्वेचं डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) इंजिन मध्येच थांबतं आणि दिवा लुकलुकतो. डीकोडर (इंजिनातला, आज्ञा वाचणारा सर्किट बोर्ड) गेला का?

बहुतेक नाही, रूळ आणि चाकं काळवंडली असणार. डीसीसीत वीज आणि आज्ञा दोन्ही रुळांतूनच जातात, त्यामुळे क्षणभर संपर्क तुटला तरी डीकोडर बंद पडून पुन्हा सुरू होतो. परळला माझ्या एचओ (१:८७ प्रमाणाच्या) लेआउटवर दर जुलैत हेच होतं. वीज बंद करा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने रूळ पुसा. फडक्यावर काळ्या रेघा उमटायच्या थांबेपर्यंत पुसत राहा. चाकं कापसाच्या इअरबडने पुसा. सँडपेपर मात्र अजिबात नको, ओरखड्यांत मळ आणखी धरतो. सगळं वाळल्यावरच वीज सुरू करा. इंजिन नेमकं एकाच जागी अडत असेल तर तिथला रेल जॉइनर (दोन रूळ जोडणारी पट्टी) सैल असू शकतो, तिथे वेगळी फीडर वायर (रुळाला थेट वीज पोचवणारी तार) सोल्डर करा.