पेसमेकर असताना नोकरी सोडून वर्कशॉपमध्ये पैसे घालावेत का?

प्रश्न : माझे वय २८ असून मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतील एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करते. हार्ट ब्लॉकमुळे (हृदयातील विद्युत संदेश अडल्यामुळे) पाच वर्षांपूर्वी मला पेसमेकर बसवला. मागच्या तपासणीत बॅटरी अजून सुमारे सहा वर्षे चालेल असे सांगितले, आणि आजच्या दराने ती बदलण्याचा खर्च अडीच लाखांच्या आसपास येईल, असाही अंदाज मिळाला. माझ्याकडे ११ लाखांची बचत आहे. वडिलांचे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचे वर्कशॉप आहे. नोकरी सोडून तेथे २८ लाखांचे व्हीएमसी (संगणकाच्या साहाय्याने धातू कापणारे) मशीन बसवायचे, त्यात माझे ८ लाख घालायचे आणि २० लाखांचे कर्ज काढायचे, असा आमचा विचार आहे. उरलेले ३ लाख पतसंस्थेत ठेवावेत असे आई म्हणते. कंपनीचा ग्रुप विमा जाईल म्हणून स्वतःची पॉलिसी काढायची ठरवली, तर ओळखीच्या एजंटांनी अर्जात पेसमेकरचा उल्लेख करू नये असे सुचवले. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपला मशीनचा विचार मला चुकीचा वाटत नाही. मला आक्षेप आहे तो क्रमाला आणि ८ लाखांच्या आकड्याला. आपल्या बाबतीत कोणती गोष्ट आधी करायची यावर पुढची दहा वर्षे अवलंबून आहेत, म्हणून प्रथम विम्याविषयी सविस्तर लिहितो.

कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत सहसा आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. स्वतःच्या पॉलिसीत तसे नसते. २०२४ मध्ये विमा नियामकाने आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला, म्हणजे आज पॉलिसी घेतली तर पेसमेकरशी संबंधित खर्च फार तर तीन वर्षांनी मिळू लागेल. आपल्या बॅटरीला सहा वर्षे आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा : पॉलिसी आत्ता सुरू झाली तर बॅटरी बदलण्याची वेळ येण्याच्या बरीच आधी प्रतीक्षा संपलेली असेल. हाच निर्णय आपण वर्कशॉप स्थिरावल्यावर, म्हणजे तीन-चार वर्षांनी घेतला, तर मात्र नेमक्या बॅटरीच्या वेळी विमा हाताशी नसेल. म्हणून नोकरी चालू असतानाच, ग्रुप विम्याचे छत्र डोक्यावर असतानाच, स्वतःची पॉलिसी काढून प्रतीक्षेचे महिने मोजायला सुरुवात करा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला असल्याने हप्ता पूर्वीपेक्षा थोडा सुसह्यही झाला आहे.

काही कंपन्या आपला अर्ज नाकारतील, काही हप्ता वाढवून स्वीकारतील, आणि एखादी कंपनी हृदयविकार कायमचा वगळून पॉलिसी देऊ करेल. ही शेवटची अट असलेली पॉलिसी आपल्या मूळ गरजेला उपयोगाची नाही, म्हणून सही करण्यापूर्वी अटींचे पान स्वतः वाचा. हृदयविकार असलेल्यांसाठी स्वतंत्र पॉलिसीही बाजारात आहेत. त्यांचाही दर मागवा. शिवाय एच.आर.कडे एक गोष्ट राजीनाम्याआधी विचारून ठेवा : ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा मार्ग उपलब्ध असतो. तेथेही कंपनी आपली तपासणी करेल, पण सलग विमा असल्याचा काही फायदा प्रतीक्षा कालावधीत मिळू शकतो. राजीनामा दिल्यावर ही चौकशी केली तर मुदत निघून गेलेली असू शकते.

एजंटांचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. साधा ईसीजी किंवा छातीचा एक्स-रे काढला तरी पेसमेकर दिसतो, कॉलरबोनखालची खूण दिसते, आणि जुने डिस्चार्ज कार्ड तर असतेच. दडवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी उघडी पडली, तर तो क्लेम आणि सोबत संपूर्ण पॉलिसी जाऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर कंपनीला माहिती दडवल्याचे कारण पुढे करता येत नाही, हे खरे. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षणही उरत नाही. एजंटांना कमिशन आज मिळते, आणि रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीवर मात्र आपले वडील उभे असतील.

आता ११ लाखांकडे वळू. पेसमेकरच्या खर्चात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे : तो सहसा सांगून येतो. दर तपासणीत बॅटरीची स्थिती कळते आणि बदलण्याचा इशारा मिळाल्यावरही साधारणपणे काही आठवड्यांचा, बहुधा तीनेक महिन्यांचा अवधी असतो. त्यामुळे या खर्चासाठी आजपासून तजवीज करता येते. वैद्यकीय खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढेल असे धरले तर आजचे अडीच लाख सहा वर्षांनी जवळजवळ चार लाख होतात. आज ३ लाख बाजूला काढून ६ टक्क्यांनी वाढवले तर तेव्हा सव्वाचार लाखांच्या आसपास असतील. विमा मिळाला तरी हा निधी मोडू नये असे माझे ठाम मत आहे, कारण २८ व्या वर्षी पेसमेकर असलेल्या माणसाला आयुष्यात बॅटरी एकदाच बदलावी लागत नाही. दर आठ-बारा वर्षांनी हा खर्च पुन्हा समोर येणार, आणि कधी पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेचीही दुरुस्ती करावी लागू शकते.

हे ३ लाख पतसंस्थेत ठेवू नका. आईंचा विश्वास मी समजू शकतो. कोल्हापुरात पतसंस्था आणि भिशी यांवर कितीतरी घरे उभी राहिली आहेत. पण बँकेतील ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेच्या ठेवीला ते नसते. दोन टक्के जादा व्याजासाठी हृदयाचा निधी जोखमीत घालू नये. शेड्यूल्ड बँकेत, दोन-तीन वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवी करा.

याशिवाय ३ लाख घरखर्च आणि कर्जाच्या हप्त्यांसाठी हवेत. २० लाखांच्या सात वर्षांच्या कर्जाचा हप्ता ११ टक्के दराने सुमारे ३४,००० रुपये येतो. आपल्याकडच्या फाउंड्री आणि मशीन शॉपची कामे ट्रॅक्टर-मोटारींच्या मागणीबरोबर वर-खाली होतात आणि बिले साठ-नव्वद दिवस अडकतात, हे वडिलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी, आवर्जून करा. कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. आणखी १ लाख पुढील वर्षांच्या विम्याच्या हप्त्यांसाठी आणि तपासण्यांसाठी. उरले ४ लाख. मशीनमध्ये तेवढेच घाला.

उरलेली तूट भरून काढण्याचा मार्ग जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. पीएमईजीपी (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) या केंद्राच्या योजनेच्या नियमांनुसार स्त्री अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या ५ टक्केच स्वतःचा वाटा घालावा लागतो आणि शहरी भागात २५ टक्के अनुदान मिळते. ते तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपात अडकून राहते. अर्ज नव्या उद्योगालाच करता येतो, त्यामुळे वडिलांच्या चालू वर्कशॉपचा विस्तार म्हणून तो बसणार नाही. आपल्या नावाची स्वतंत्र फर्म लागेल. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनाही याच धर्तीची आहे. अर्ज करण्यापूर्वी मशीन खरेदी करू नका.

प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात एक बाब राहून गेली आहे. उद्यमनगरातील बहुतेक वर्कशॉपमध्ये लेथ, ड्रिल आणि वेल्डिंग एकाच छपराखाली, दोन हातांच्या अंतरावर चालते, आणि कामगार घाईत वेल्डिंगची केबल खांद्यावरून घेऊन जातो. आर्क वेल्डिंगच्या विद्युतचुंबकीय क्षेत्राने पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. इंडक्शन फर्नेसजवळ (धातू वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीजवळ) तर धोका आणखी मोठा. आपल्या पेसमेकरचे मॉडेल कार्डवर लिहिलेले असते. ते डॉक्टरांना दाखवून कोणत्या यंत्रापासून किती अंतर हवे हे लेखी घ्या, आणि वेल्डिंग वेगळ्या खोलीत नेण्याचा किंवा बाहेरून करून घेण्याचा खर्च मशीनच्या किमतीतच धरा. यावर काटकसर करू नये, ही माझी कळकळीची विनंती.

कर्ज घेताना त्यासाठी टर्म विमा, म्हणजे मृत्यू झाल्यास रक्कम देणारा विमा, मागा. हप्ता जास्त येईल, कदाचित नकारही येईल. तसे झाले तर वडिलांना सहकर्जदार करून त्यांच्या नावे तो घ्या. शिधापत्रिकेवर आपले नाव आणि आधार जोडलेले आहे ना, हेही पाहून ठेवा, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि पेसमेकरची शस्त्रक्रिया त्यात येते. प्रतीक्षेच्या तीन वर्षांत काही अनपेक्षित घडले, तर ही योजना आणि ३ लाखांचा निधी हेच आपले दोन आधार असतील.

राजीनामा मात्र पॉलिसीची प्रत हाती आल्यावरच द्या. त्यापूर्वी पेसमेकर तपासणीचा ताजा अहवाल काढून घ्या, ज्यात बॅटरीचे उरलेले आयुष्य आणि यंत्र किती टक्के वेळ ठोके देते हे छापलेले असेल, आणि तो विमा अर्जासोबत जोडा.