घराचा विमा समजून भरलेले दोन लाख

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं कापून देतो.

“वय ३८, खासगी नोकरी, हातात ६२ हजार. पत्नी शाळेत शिकवते, तिला ३४ हजार. मुलगी सहा वर्षांची. चौदा महिन्यांपूर्वी ७५ लाखांचं रो-हाऊस घेतलं. कर्ज ५२ लाख, मुदत वीस वर्षं, व्याज ९ टक्के, हप्ता ४६,८००. या ५२ लाखांतले दोन लाख घराच्या विम्याचे आहेत. विम्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही, असं बँकेतल्या साहेबांनी सांगितलं. २०१९ मध्ये या भागात पाणी आलं होतं, म्हणून मीही लगेच सही केली. आता ओळखीच्या एका एजंटने ७५ लाखांच्या घरविम्याचे वर्षाला ९,५०० सांगितले आहेत. हा दुसरा विमा घेतला, तर पूर आल्यावर दोन्हीकडून पैसे मिळतील का? बँकेच्या विम्याचं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे. एक कोटीच्या टर्म प्लॅनचीही (ठरावीक मुदतीचा, निव्वळ जिवाचा विमा) चौकशी केली होती, पण वर्षाला १८ हजार महाग वाटले.”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: नाही मिळणार. घराचा विमा झालेलं नुकसान भरून देतो, त्यावर नफा देत नाही. नुकसान सहा लाखांचं असेल, तर पॉलिसी दोन असोत की चार, सगळ्या मिळून सहा लाखच देतील.

पण तुमच्याकडे दोन विमे असण्याचा प्रश्नच येत नाही. सर्टिफिकेटवर सगळ्यात वर कंपनीचं नाव आहे, ते परत वाचा. ती जीवन विमा कंपनी आहे. दोन लाख भरून घेतलेला हा विमा तुमच्या जिवाचा आहे, कर्जाशी जोडलेला. तुमचं काही बरंवाईट झालं तर कंपनी बँकेचं कर्ज फेडेल. घराच्या एका विटेचाही विमा त्यात नाही. चौदा महिने, मधला एक अख्खा पावसाळा धरून, तुमचं घर उघडं आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा ५० च्या वर. उद्या तसं झालं, तर या कागदावर तुम्हाला एक रुपया मिळणार नाही.

बरं, निदान जिवाचा विमा तरी धड आहे का? तोही नाही. सर्टिफिकेटमध्ये मुदत लिहिली आहे दहा वर्षं आणि कर्ज आहे वीस वर्षांचं. घेतल्यापासून दहा वर्षांनी, तुम्ही ४७ चे असताना, हा विमा संपेल. व्याजाच्या गणितात पहिली वर्षं मुद्दल फारसं हलत नाही, त्यामुळे तेव्हाही सुमारे ३७ लाखांचं कर्ज शिल्लक असेल. मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर, कर्ज ३७ लाख आणि विमा शून्य. शिवाय विम्याची रक्कम कर्जासोबत दरवर्षी घटत जाते, आणि जे काही मिळेल ते आधी बँकेला जातं. घरखर्चाला त्यातून काही उरेल असं धरू नका.

आता किंमत. दोन लाख रोख भरले असते तर दोनच लाख गेले असते. ते कर्जात मिसळल्यामुळे त्यावर वीस वर्षं ९ टक्के व्याज चालू आहे. लाखाला महिना ९०० रुपये हप्ता, म्हणजे दोन लाखांचे १,८००. वर्षाला २१,६००, वीस वर्षांत ४ लाख ३२ हजार. विमा दहा वर्षांचा आणि पैसे वीस वर्षं! एक कोटीचा, न घटणारा, साठीपर्यंत चालणारा टर्म प्लॅन तुम्हाला १८ हजारांत महाग वाटला, आणि त्याहून निम्म्या, दरवर्षी घटणाऱ्या, अर्ध्या वाटेत संपणाऱ्या विम्याला तुम्ही त्यापेक्षा जास्त मोजताय. तो आकडा हप्त्यात लपलाय, म्हणून दिसत नाही.

यात तुमचाच सगळा दोष आहे असं मी म्हणणार नाही. घरासाठी धावपळ करून थकलेल्या माणसापुढे कर्जाच्या तीस-चाळीस सह्यांमध्ये हा कागद सरकवायचा आणि “घराचा विमा” म्हणायचं, हे मी इतक्या पत्रांत वाचलंय की आता राग येतो. बँक इथे विमा कंपनीची एजंट असते आणि तिला त्यावर कमिशन मिळतं. तारण घराचा आगीपासून, पुरापासून विमा हवा, असं बँक म्हणू शकते. तो कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं. कर्जासाठी जिवाचा विमा आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती तिला करता येत नाही.

म्हणून आधी टर्म प्लॅन. एक कोटीचा, साठीपर्यंतचा, आणि अर्जात तब्येतीची, तंबाखू-सिगारेटची माहिती खरी लिहा. तो मंजूर होऊन पॉलिसी हातात आल्यावरच बँकेच्या विम्याला हात लावा. क्रम उलटा करू नका. वैद्यकीय तपासणीत काही निघालं, तर जुना विमा हाच आधार उरेल. नवी पॉलिसी आली की जुन्या कंपनीकडून सरेंडरचा आकडा, म्हणजे विमा मधेच बंद केला तर किती परत मिळेल ते, लेखी मागवा. पॉलिसी हातात आल्यावर ‘नको’ म्हणून परत करायची, म्हणजे पुनर्विचाराची मुदत तुम्ही केव्हाच ओलांडली आहे, त्यामुळे पूर्ण दोन लाख परत येतील ही आशा सोडा. जे येईल ते थेट कर्जात भरा. कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल, तर त्याला दंड नाही.

फसवून विकल्याची तक्रार करायची असेल तर जरूर करा. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र तुमची सही त्या अर्जावर आहे आणि “साहेब म्हणाले” याला पुरावा लागतो. एखादा मेसेज, ईमेल जपून ठेवला असेल तर शोधा.

पत्नीबद्दल पत्रात फक्त पगार आहे. तिचा पगार थांबला, तर ६२ हजारांतून ४६,८०० वजा जाता १५ हजार उरतात. तिघांचं घर ज्या दोन पगारांवर उभं आहे, त्यांतल्या एकाचाच विमा काढून कसं चालेल? तिच्याही नावाने पन्नास लाखांचा टर्म प्लॅन घ्या.

आता घर. एजंटचं कोटेशन ७५ लाखांचं आहे, पण त्यात जमिनीची किंमत धरली आहे. घर पडलं तरी जमीन जागेवरच राहते. विमा घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा काढायचा. चटई क्षेत्र (घरातलं भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा १,००० चौरस फूट आणि फुटाला २,२००, तर २२ लाख. त्याच दराने हप्ता ९,५०० वरून २,८०० च्या आसपास येतो. जास्त रकमेचा विमा काढला म्हणून जास्त भरपाई मिळत नाही, फक्त हप्ता जास्त जातो.

एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. कोणत्याही सर्वसाधारण विमा कंपनीकडे (जिवाचा सोडून बाकीचे विमे देणाऱ्या) हेच नाव मागा, अटी सारख्याच असतात. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल हे सगळं त्यात येतं. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, आपोआप मिळतात. तुमच्या बाबतीत ४ लाख ४० हजार. तेवढ्यात फ्रिज, कपाटं, गाद्या बसत नसतील, तर यादी देऊन रक्कम वाढवा. दहा वर्षांपर्यंतची एकत्र पॉलिसी घेता येते आणि तिच्यात रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. बांधकामाचा दर वाढत असताना हे फार उपयोगाचं आहे.

काय नाही, तेही आत्ताच वाचून ठेवा. दागिने सामानात धरले जात नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात. चोरी फक्त पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झाली तरच चालते. एरवीच्या घरफोडीला वेगळं कवच घ्यावं लागतं. गच्चीची गळती, भिंतीची ओल, जुनी झालेली वायरिंग ही देखभाल आहे, विमा नाही. दारातली गाडी तिच्या स्वतःच्या पॉलिसीत.

पॉलिसी सुरू होण्याआधीच्या नुकसानीला काहीच मिळत नाही, त्यामुळे कृष्णेचं पाणी चढायला लागल्यावर धावून उपयोग नाही. अर्ज या आठवड्यातच करा. पत्ता आणि चटई क्षेत्र खरेदीखताप्रमाणे लिहिलंय ना, बँकेचं नाव आलंय ना, ते बघा. आणि पॉलिसी आली त्या दिवशी प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तो सांगलीबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. घरात पाणी शिरलं की बिलांची फाइल पहिली भिजते.