ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, राखुंडीनं घासलं तर चालेल का?

राखुंडी नको. तिचे खरखरीत कण दातावरचं कवच झिजवतात, मग थंड पाण्यानंही ठणका लागतो. रक्त येतं म्हणून घासणं थांबवू नका. हिरडीच्या कडेला साचलेल्या चिकट थरानंच ती बहुधा सुजते. मऊ ब्रश, किमान १००० पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचं तर चुकवूच नका. झोपेत लाळ कमी होते, किडीला तेव्हाच फावतं. कडुलिंबाची काडी हवी तर चावा, पण तिच्यात पेस्टइतकं फ्लोराइड नसतं.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण, खाता का? आपल्याकडं हे आधी विचारावं लागतं. गालात जिथं तोबरा धरता, तिथली हिरडी मागं सरकते. सुपारीनं तोंड उघडणंही कमी होत जातं. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.