शब्दचर्चा: 'उत्प्रेरक' बरोबर, गडबड शेजारच्या शब्दांत

विचारणा अशी आहे: रसायनशास्त्रातल्या एका इंग्रजी लेखाचं शीर्षक मराठीत आणताना ते 'मायकेल योगात्मक अभिक्रियेद्वारे कार्बन-कार्बन बंध निर्मितीसाठी क्षार उत्प्रेरक' असं झालं. (मायकेल अभिक्रिया म्हणजे दोन रेणूंतले कार्बन एकमेकांना जोडण्याची एक रीत.) यातला 'उत्प्रेरक', म्हणजे इंग्रजीतला कॅटॅलिस्ट, हा शब्द योग्य आहे का? उत्प्रेरकामुळे अभिक्रियेचा वेग वाढतो, मग सरळ 'त्वरक' किंवा 'प्रवेगक' का म्हणू नये?

'उत्प्रेरक' ठेवा. चुकतंय ते दुसरीकडे, त्यावर पुढे येतोच. आधी हा शब्द पाहू, कारण त्याची गोष्ट मजेची आहे.

'ईर्' हा संस्कृत धातू, अर्थ हलवणं, चालना देणं. 'प्र' लागून प्रेरणा, प्रेरक, प्रेरित हे शब्द झाले. वाऱ्याला 'समीर' म्हणतात तोही याच घरातला. 'प्रेरक'च्या मागे 'उत्' लागला की 'उत्प्रेरक' होतो आणि 'सम्' लागला की 'संप्रेरक', म्हणजे शरीरातलं हॉर्मोन. हे दोन शब्द परीक्षेत हमखास एकमेकांच्या जागी लिहिले जातात. शब्द घडवणाऱ्यांनी जरा लांबचे उपसर्ग निवडले असते तर बरं झालं असतं, पण आता ते रुळले आहेत.

मूळ युरोपीय शब्द स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस यांनी 1835 मध्ये घडवला: कॅटॅलिसिस. ग्रीकमध्ये 'काटा' म्हणजे खाली आणि 'लिसिस' म्हणजे सुटणं, सैल होणं. गंमत बघा, ग्रीक शब्दात वस्तू खाली सुटते आणि आपल्या शब्दात तिला वर ढकललं जातं, कारण 'उत्' म्हणजे वर. जपानीत याच पदार्थाला 'शोकुबाई' म्हणतात. त्या शब्दाची दोन चित्राक्षरं आहेत, एक स्पर्शाचं आणि एक मध्यस्थाचं. तिघांत मला जपानी शब्द सर्वांत नेमका वाटतो.

का, ते सांगतो. पदार्थांना अभिक्रियेसाठी ऊर्जेची एक टेकडी चढावी लागते असं चित्र आपण शिकतो. 'उत्प्रेरक' शब्दावरून वाटतं की हा गडी मागून रेटा देऊन त्यांना टेकडीवर चढवतो. खरं तर तो रेटत नाही. तो कमी उंचीची दुसरी खिंड दाखवतो, आणि त्या खिंडीतून परतही येता येतं. मायकेल अभिक्रिया उलटही फिरू शकते. उत्प्रेरक दोन्ही दिशांना सारखाच मदत करतो. शेवटी किती माल इकडे राहील आणि किती तिकडे, हे तो बदलत नाही. व्युत्पत्ती अर्थ समजायला मदत करते, पण तिच्यावर फार भार टाकू नये.

आता 'त्वरक'. उत्प्रेरकाची वेगावर आधारलेली व्याख्या रसायनज्ञ ऑस्टवाल्ड यांच्यामुळे रूढ झाली (त्यांना 1909 चं नोबेल मिळालं, त्यात उत्प्रेरणावरचं काम होतं). अंतिम उत्पादितात न दिसता अभिक्रियेचा वेग बदलणारा पदार्थ, असा तिचा आशय. व्याख्या चुकीची नाही, पण तुमच्या विषयाला ती अपुरी पडते. मायकेल अभिक्रियेत तयार होणारे बरेच रेणू उजव्या-डाव्या हातांसारखे असतात: एकमेकांची आरशातली प्रतिमा, पण एकावर एक न बसणारे. साधा उत्प्रेरक वापरला तर दोन्ही हात निम्मे निम्मे मिळतात. उत्प्रेरकच 'एकहाती' असेल तर एक हात पुष्कळ जास्त मिळतो. यात निवड आहे, नुसता वेग नाही. 'त्वरक' म्हटलं की ही अर्धी बाजू शब्दातून गळून पडते.

या प्रकारची उदाहरणं या अभिक्रियेत भरपूर आहेत. सिंकोना झाडाच्या सालीतली क्विनिनसारखी अल्कलॉइडं, प्रोलिन हे अमिनो आम्ल आणि त्याच्यापासून केलेले रेणू, कार्बनी रेणूंत धरलेले धातूंचे अणू. जपानी रसायनज्ञ ताकेमोटो आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये जो थायोयूरिया (गंधक असलेला एक कार्बनी) रेणू वापरला तो मला विशेष आवडतो. त्याचं एक टोक हायड्रोजन बंधांनी एका पदार्थाला धरून ठेवतं आणि दुसऱ्या टोकावरचा अमिन गट दुसऱ्या पदार्थाचा प्रोटॉन ओढतो. दोघांना एका जागी आणून समोरासमोर बसवायचं काम एकच रेणू करतो. जपान्यांचा 'मध्यस्थ' म्हणतात तो हाच! धातू नसलेल्या अशा उत्प्रेरकांच्या कामासाठी लिस्ट आणि मॅकमिलन यांना 2021 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना मराठीत 'सेंद्रिय उत्प्रेरक' म्हणण्याचा मोह होईल. पण 'सेंद्रिय' म्हटलं की हल्ली वाचकाच्या डोळ्यांपुढे खत आणि भाजीपाला येतो. 'कार्बनी उत्प्रेरक' म्हणा, शालेय पुस्तकांतल्या 'कार्बनी संयुगां'शी ते जुळतं.

आता खरी गडबड. तुमच्या शीर्षकातला 'क्षार' हा शब्द हिंदीतून आला असावा. हिंदीत क्षार किंवा क्षारक म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला मात्र 'क्षार' म्हणजे मीठ, म्हणजे आम्ल आणि त्याचा विरोधक यांच्या संयोगातून बनलेला पदार्थ. त्यामुळे तुमचं शीर्षक तो 'मिठाने उत्प्रेरित' असं वाचेल आणि रसायनशास्त्रच बदलून जाईल. शालेय मराठीत बेसला 'आम्लारी' म्हणतात: आम्ल अधिक अरि, आम्लाचा शत्रू. फार सुंदर शब्द आहे. मराठी विश्वकोशाची परिभाषा वेगळी आहे. तिथे बेसला क्षारक, सॉल्टला लवण आणि रिअ‍ॅक्शनला विक्रिया म्हणतात. दोन्ही घराणी आपापल्या जागी शुद्ध आहेत. पण एका लेखात एकच घराणं धरा. 'अभिक्रिया' लिहून पुढे 'क्षारक' लिहिलं तर निम्मे वाचक अडखळतील.

'योगात्मक' हाही हिंदीचाच. आपल्या दहावीच्या पुस्तकात दुहेरी बंधावर होणाऱ्या अशा अभिक्रियेला 'समावेशन अभिक्रिया' म्हणतात, आणि एकाला काढून त्याच्या जागी दुसरा बसतो त्या अभिक्रियेला 'प्रतियोजन'. 'समावेशन' सुरुवातीला मला कृत्रिम वाटायचा, एखाद्या यादीत नाव घातल्यासारखा. मग लक्षात आलं की तो किती चपखल आहे. दोन रेणू एकत्र येतात आणि दोघांतले सगळेच्या सगळे अणू एकाच उत्पादितात सामावतात, बाजूला काही पडत नाही. मायकेल अभिक्रियेत तसंच घडतं. रसायनज्ञ ट्रॉस्ट यांनी 1991 मध्ये अणूंच्या काटकसरीचा मुद्दा मांडला, त्या हिशेबात ही अभिक्रिया अव्वल ठरते. 'बेरीज अभिक्रिया' हा पर्यायही एकदा वाचला होता. अर्थ कळतो, पण हसू आवरत नाही.

एक मुद्दा विचारणेत नाही, पण भाषांतर करताना आड येईल. प्रत्येक आम्लारीला 'उत्प्रेरक' म्हणून टाकू नका. आर्थर मायकेल या अमेरिकन रसायनज्ञाने 1887 मध्ये जर्मन नियतकालिकात ही अभिक्रिया प्रसिद्ध केली. त्या लेखाच्या शीर्षकातच असंपृक्त आम्लांच्या एस्टरांवर सोडियम मॅलॉनिक एस्टराचं समावेशन असं म्हटलं आहे. म्हणजे आम्लारीने आपलं काम आधीच उरकलेलं होतं आणि दाता रेणू (जुळणारा कार्बन पुरवणारा) सोडियमच्या जोडीने, पूर्ण मापात आत आला होता. तिथे उत्प्रेरक कुठे आहे? उत्प्रेरणाने घडते तेव्हा गोष्ट अशी जाते: आम्लारी दाता रेणूतला प्रोटॉन काढतो, ऋणभारित झालेला कार्बन ग्राही (म्हणजे त्याला स्वीकारणाऱ्या) रेणूच्या दुहेरी बंधाच्या लांबच्या टोकाला जाऊन जुळतो, आणि त्यातून तयार झालेला नवा ऋण आयन आम्लारीकडचा तो प्रोटॉन परत घेतो. आम्लारी मोकळा होऊन पुढच्या रेणूकडे वळतो. घेतलेलं परत करणं ही उत्प्रेरकाची खूण. मूळ लेखात शंभर रेणूंमागे पाच-दहाच वापरले असतील तर 'उत्प्रेरक' लिहा, रेणूमागे रेणू वापरला असेल तर 'अभिक्रियाकारक'. इंग्रजी लेखकही इथे ढिलाई करतात, आपण तेवढी करायचं कारण नाही.

मायकेल हे इथे आडनाव आहे, एवढी एक टीप द्या. नाहीतर मराठी वाचकाला आधी मायकेल फॅरडेच आठवतो. आणि 'कार्बन-कार्बन' हे शब्द अनावश्यक समजून गाळू नका. नायट्रोजन किंवा गंधक याच पद्धतीने जुळला तरी आता लोक त्याला मायकेलचंच नाव देतात. मूळ अभिक्रिया कार्बनला कार्बन जोडण्याची होती, आणि तुमचा लेख त्याच अर्थाचा आहे.

शेवटचं, 'निर्मितीसाठी उत्प्रेरक'. मराठीत 'साठी'ला क्रियापदाचा आधार लागतो. 'पिण्यासाठी पाणी' म्हटलं तरी मनात 'ठेवलेलं' किंवा 'हवं' असतं. शीर्षकात तो आधार नसल्याने ते इंग्रजीचं वाटतं. त्यापेक्षा असं करा: 'मायकेल समावेशन: कार्बन-कार्बन बंध जुळवून आणणारे आम्लारी उत्प्रेरक'. 'जोडणारे' न म्हणता 'जुळवून आणणारे' मुद्दाम म्हटलं आहे, कारण जोडले जातात ते दाता आणि ग्राही, उत्प्रेरक बाजूला होतो. 'उत्प्रेरक' पुल्लिंगी ठेवला आहे. काही जण 'उत्प्रेरके' असं नपुंसकलिंगी अनेकवचन करतात, तेही चालतं, मग 'जुळवून आणणारी' करायला विसरू नका.