ऑनलाइन अभिप्राय लिहिताना एका सेवेची दुसरीशी तुलना करावी का?

करावी, पण दोन्हींची सेवा स्वतः घेतली असेल तरच. घरसामान हलवणाऱ्यांचेच पाहा: पुण्याहून नाशिकला जायला एकाने दुसऱ्यापेक्षा कमी पैसे घेतले, एवढे लिहून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, लिफ्टविना तिसऱ्या मजल्यावरून सामान उतरवणे, काचसामानाचे पॅकिंग आणि विमा कोणाच्या दरात धरला होता, हे सांगितले तरच त्या फरकाला अर्थ येतो. ‘अमक्याकडेच जा’ हा शेरा जाहिरातीसारखा वाटतो, आणि पुष्कळदा तो जाहिरातच असतो. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९०००:२०२२ हे ऐच्छिक मानक ऑनलाइन अभिप्रायांच्या खरेपणासाठीच आहे. मग ज्याची सेवा आपण कधी घेतलीच नाही, त्याला ऐकीव माहितीवर नावे ठेवणे कितपत योग्य?