कॉलेजच्या इमारतीआधी त्याचे रुग्णालय पाहा

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे नर्सिंगच्या प्रवेशाविषयी विचारणा करणारी पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात विचारलेले प्रश्न अनेक घरांत आज चर्चेत असतील.

प्रश्न : माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण झाली आणि तिने बी.एस्सी. नर्सिंगची सीईटीही दिली आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ परराज्यातील एका कॉलेजात थेट प्रवेश मिळवून देतो म्हणतात. रोज हजर राहण्याची गरज नाही, परीक्षेपुरते गेले तरी चालते, असेही सांगतात आणि जागा धरून ठेवण्यासाठी ५०,००० रुपये मागतात. आम्ही ओबीसी प्रवर्गातील आहोत. जातीचा दाखला आहे, पडताळणी झालेली नाही. मुंबईत प्रवेश मिळाला तर उत्तमच, पण चांगले कॉलेज ओळखायचे कसे?
– एक आई, भांडुप

उत्तर : ताई, सर्वांत आधी एकच विनंती करते, त्या गृहस्थांना पैसे देऊ नका. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार त्यात किमान ८० टक्के हजेरी लागतेच, शिवाय पदवी हाती पडण्यापूर्वी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागातील हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. ‘परीक्षेपुरते या’ असे सांगणारा माणूस खोट्या हजेरीची पदवी विकतो आहे, आणि तशी पदवी घेतलेली मुलगी उद्या वॉर्डात उभी राहील तेव्हा तिची किंमत खाटेवरच्या रुग्णाला मोजावी लागेल. परराज्यातील सगळीच कॉलेजे अशी असतात असे मुळीच नाही. तिकडे नावाजलेल्या संस्था आहेत आणि त्यांतून शिकून आलेल्या उत्तम परिचारिका मुंबईच्या रुग्णालयांत काम करत आहेत. मात्र त्या कॉलेजांत मुली चार वर्षे राहून शिकतात. परराज्यात पदवी घेतल्यावर तेथील परिषदेकडची नोंदणी पुढे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आणावी लागते, तेव्हा कागदपत्रांची पडताळणी होते, आणि नोंदणी नसेल तर परिचारिका म्हणून काम करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आपल्या राज्यातील सरकारी आणि खासगी कॉलेजांतील जागा सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, ज्याला मुले ‘कॅप राउंड’ म्हणतात, गुणवत्तेनुसार भरल्या जातात. पसंतीक्रम भरताना ‘इथे लागेल का’ असा अंदाज बांधत बसू नका. मुलीला जे कॉलेज मनापासून हवे आहे ते वर आणि त्याखालोखाल हवे ते त्याखाली, असाच क्रम लावा. वर लिहिलेले कॉलेज मिळाले नाही म्हणून खालच्या कॉलेजावरचा तिचा हक्क कमी होत नाही. जागा मिळाल्यावर ती कायम ठेवायची की पुढच्या फेरीत राहायचे, याचे त्या वर्षीचे नियम माहिती पुस्तिकेत असतात. ती पुस्तिका सायबर कॅफेवाल्यावर न सोपवता घरात बसून दोघींनी शब्दन् शब्द वाचावी.

आता चांगले कॉलेज ओळखण्याविषयी. माझे मत स्पष्ट आहे : कॉलेजची इमारत, वातानुकूलित वर्ग आणि माहितीपत्रकावरील छायाचित्रे नंतर पाहा, आधी त्या कॉलेजचे रुग्णालय पाहा. नर्सिंग वर्गात समजते, पण हाताला येते ते खाटेशी. एक साधी गोष्ट सांगते. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि नळीतून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडले पाहिजेत, हे गणित मुली फळ्यावर पटकन सोडवतात. वॉर्डात मात्र रुग्ण हात हलवतो, नळी दुमडते, थेंब मंदावतात, शेजारच्या खाटेवरून हाक येते, आणि तरीही घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून ते थेंब मोजायचे असतात. हे वारंवार केल्याशिवाय येत नाही आणि त्यासाठी रुग्ण लागतात. म्हणूनच परिषदेने कॉलेजच्या स्वतःच्या, किमान १०० खाटांच्या रुग्णालयाची आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्णांची अट घातलेली आहे.

ही अट कागदावर पूर्ण आहे की प्रत्यक्षात, हे पाहणे फारसे अवघड नाही. एखाद्या सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळी त्या रुग्णालयात जाऊन या आणि किती खाटा भरलेल्या आहेत ते पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली भेटल्या तर ‘या आठवड्यात तुमची पोस्टिंग कुठे आहे?’ एवढेच विचारा. ज्या कॉलेजात शिक्षण नीट चालते तेथील मुलगी ‘सर्जिकल वॉर्डात, पुढच्या आठवड्यापासून लेबर रूम’ असे चटकन सांगते. बरोबर ट्यूटर वॉर्डात येतात का, की मुलींना फक्त बेड करायला आणि निरोप पोहोचवायला ठेवले जाते, हेही तिच्याकडूनच कळते. प्रसूती विभागाची चौकशी तर आवर्जून करा. आपली मुलगी पदवीनंतर परिचारिका आणि प्रसाविका अशी दोन्ही नोंदणी करणार आहे; जेथे बाळंतपणे मोजकीच होतात तेथे एकेका मातेभोवती विद्यार्थिनींची गर्दी होते, शिकणे कमी होते आणि त्या मातेचीही कुचंबणा होते.

मुंबईत या दृष्टीने भायखळ्याच्या सर ज. जी. समूह रुग्णालयाची परिचर्या शिक्षण संस्था पहिल्या पसंतीला ठेवण्याजोगी आहे. सरकारी शुल्क, हजाराहून अधिक खाटांचे रुग्णालय, आणि समूहातच स्त्रिया व बालकांसाठीचे कामा रुग्णालय. जागा थोड्या असल्याने चुरस मोठी असते. भांडुपहून भायखळा थेट धिम्या लोकलवर आहे, तरी सकाळच्या ड्युटीसाठी पहाटे निघावे लागेल, म्हणून वसतिगृहाची चौकशी आधीच करा. एसएनडीटी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून चालू आहे. त्याची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची नसून एसएनडीटीची असते, यास्तव तेथील प्रवेशाची सूचना स्वतंत्रपणे पाहावी. खासगी कॉलेजांपैकी कोणतेही निवडताना त्याचे नाव भारतीय परिषद, राज्य परिषद आणि संबंधित विद्यापीठ या तिन्हींच्या यादीत, चालू वर्षासाठी आहे ना, एवढे पडताळून घ्या.

जात पडताळणीचे काम मात्र आजच हाती घ्या. राखीव जागेवरील प्रवेशासाठी जातीचा दाखला पुरत नाही. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी वडिलांकडील नातेवाइकांचे जुने शाळेचे दाखले, नोंदी गोळा कराव्या लागतात. मूळ गाव कोकणात किंवा घाटावर असेल तर तेथील शाळेतून उतारा आणण्यातच आठवडे निघून जातात. घरात कुणाचे, वडिलांचे वा सख्ख्या चुलत्यांचे, वैधता प्रमाणपत्र आधीच झालेले असेल तर ते जोडा, काम पुष्कळ सोपे होते. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहा. ज्या घरांतील मुले आता अकरावीत आहेत त्यांनी हे काम बारावीच्या निकालापर्यंत मुळीच ठेवू नये. चांगले गुण असूनही केवळ या एका कागदापायी मुली मागे राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

शुल्काबाबत आपल्यासाठी चांगली बातमी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातील प्रवेशाला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. ओळखीने मिळणारी जागा किती महाग पडते, हे यावरून लक्षात येईल. वसतिगृह, गणवेश, पुस्तके यांचा खर्च आपल्यालाच करावा लागेल. खासगी कॉलेजांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि त्याहून अधिक रक्कम देणगी म्हणून मागणे हा १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत शिकतो. मला नर्सिंग करायचे आहे, पण घरचे म्हणतात, हे मुलींचे क्षेत्र आहे. मुलांना प्रवेश मिळतो का? आणि जीएनएम (नर्सिंगची पदविका) करावे की बी.एस्सी.?
– एक विद्यार्थी, विक्रोळी

उत्तर : प्रवेश मिळतो. अतिदक्षता, अपघात आणि मनोविकार विभागांत ‘ब्रदर’ची गरज रोज जाणवते, हे घरच्यांना एखाद्या मोठ्या रुग्णालयात नेऊन दाखवा. नोकरीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या : एम्सच्या नॉरसेट परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या पदांपैकी ८० टक्के स्त्रियांसाठी असतात, त्यामुळे मुलांमधील स्पर्धा अधिक तीव्र असते.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असतील आणि घरची परिस्थिती चार वर्षे निभावू शकत असेल तर बी.एस्सी.च करावे, असे मी सांगेन. खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०, आणि वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण हवे. जीएनएम तीन वर्षांचे आहे, त्याला कोणत्याही शाखेची बारावी चालते आणि महापालिकेच्या केईएमसारख्या रुग्णालयांत त्याची जुनी परंपरा आहे. तेथे शिकलेल्या परिचारिकांचा हात कुणापेक्षा कमी नसतो. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही मिळवता येते. फरक पडतो तो वेळेत आणि संधीत : नॉरसेटसाठी जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, बी.एस्सी.वाल्यांना लागत नाही, आणि अध्यापनाकडे वळायचे असेल तर एम.एस्सी.साठी पदवी हवीच.

प्रश्न : कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात नर्सिंगचे शिक्षण मिळते असे ऐकले. त्यासाठी सीईटी चालेल का?
– एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : चालणार नाही. कुलाब्याचे आयएनएचएस अश्विनी येथील परिचर्या महाविद्यालय सशस्त्र दलांचे आहे. तेथे फक्त अविवाहित मुलींना प्रवेश मिळतो आणि प्राथमिक निवड नीट-यूजीच्या गुणांवरून होते. त्यानंतर संगणकावरील चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. शिक्षणानंतर लष्करी परिचर्या सेवेत काम करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते आणि लेफ्टनंट म्हणून नियुक्ती होते. बदल्या देशभर होतात, हे आई-वडिलांशी आधी बोलून घ्यावे. नीट आणि सीईटी या दोन्हींचे अर्ज वेगवेगळ्या वेळी निघतात, तेव्हा दोन्ही भरून ठेवा. एकीत कमी गुण पडले तरी दुसऱ्या परीक्षेचा मार्ग खुला राहतो.