टायफॉइड गुरांना का होत नाही?

घरातल्या दोघांना टायफॉइड झाला, विहीर तीच, मग गोठ्यातल्या म्हशीला काहीच कसं झालं नाही, असं तुम्ही विचारलंय. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वर्गात हा विषय निघाला की तास पुरत नाही.

आपल्याला वाटतं, जंतू माणसात तरबेज झाला म्हणजे त्याने काहीतरी नवं कमावलं. टायफॉइडच्या जंतूने, म्हणजे साल्मोनेला टायफीने, बरंचसं गमावलंय. २००१ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, वाचला गेला तेव्हा दोनशेच्या वर मोडकी जनुकं सापडली. कुठे अक्षर गळालंय, कुठे वाक्य अर्ध्यावर तुटलंय. त्याचाच भाऊबंद टायफीम्युरियम कोंबड्या, डुकरं, गुरं, उंदीर, माणूस अशा सगळ्यांत राहतो. त्याच्यात अशी जनुकं चाळीसच्या आसपास. जो जंतू फक्त माणसातच राहतो, त्याचं इतरांच्या आतड्यात लागणारं जनुक बिघडलं तरी अडत नाही, आणि तो बिघाड पुढच्या पिढ्यांत तसाच उतरतो.

२०१२ चा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. उंदराच्या भक्षक पेशी टायफीला मारून टाकतात. टायफीम्युरियमकडे त्या माऱ्यातलं एक प्रथिन कापणारं विकर (एन्झाइम) आहे, टायफीकडे नाही. संशोधकांनी ते एकच जनुक टायफीत घातलं आणि तो उंदराच्या पेशीत तगला. एका जनुकाने एवढा फरक!

थोडी कमाईही आहे. बाहेरून आलेल्या जनुकांमुळे टायफीभोवती ‘व्हीआय’ नावाचं आवरण तयार होतं. त्याआड तो आतड्यात फारशी खळबळ न करता यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा गाठतो. काहींच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं राहतो. ताप नसलेला माणूस जंतू पसरवत राहतो. टायफीचं विषही माणसाच्या पेशींवरच्या सायलिक आम्ल नावाच्या साखरेसारख्या रेणूला चिकटतं. म्हशीसकट बहुतेक सस्तन प्राण्यांत या आम्लाचं एका ऑक्सिजन अणूने वेगळं रूपही असतं, त्या रूपाला हे विष नीट चिकटत नाही.

जनावरांत साठा नसल्यामुळेच या रोगाविरुद्ध लस आणि स्वच्छ पाणी यांचा उपयोग मोठा. नवी मुंबईत २०१८ मध्ये महापालिकेने मुलांना जी लस दिली, ती याच आवरणावर बेतलेली आहे. मात्र पॅराटायफी ए हा दुसरा जंतूही स्वतंत्रपणे, अशीच जनुकं मोडत, फक्त माणसाचा झालाय. त्याला हे आवरण नाही, त्यामुळे ही लस घेतलेल्यालाही पॅराटायफॉइड, म्हणजे टायफॉइडसारखाच ताप, होऊ शकतो. तेव्हा विहिरीचं पाणी उकळूनच प्या.